झील लांबवणारा

पुसद, ८ फेब्रुवारी १९६२

पूनमसिंग,

देवीलालच्या घशात कर्करोग आहे. परवा, सहा तारखेला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा हा निकाल. कागद इंग्रजीत आहे. मी वाचला, आणि माझ्या एकट्याच्या वाचण्यावर विसंबायला नको म्हणून इथल्या दवाखान्यातल्या नर्स इंदुताईंकडूनही वाचून घेतला. त्यांनी दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. ‘‘तोंडी काय म्हणाले?’’ एवढंच विचारलं. तोंडी ते असं म्हणाले, की मुंबईला नेऊन रेडियमचे शेक द्यायचे तर ती वेळ निघून गेली आहे, आणि हा माणूस पुढचा पोळा पाहील असं त्यांना वाटत नाही.

मी मारोती. अक्षरावरून ओळखलं असशील. सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. तुझा बल्लारशाचा पत्ता भुरीवहिनींनी दिला. आपल्या नवऱ्याच्या, देवीलालच्या, मागे उभा राहून गाणारा जुना झीलकरी तिकडे लाकडाच्या डेपोत चौकीदार आहे, एवढं त्यांना माहीत आहे. वर्षभरात मी तुला पत्र टाकलं नाही, तूही नाही. त्यात दोघांची चूक सारखी नाही हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

नागपूरला आम्ही अष्टग्रहीच्या दिवसांत निघालो. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार म्हणून कोणी घराबाहेर पडायला तयार नव्हतं. यवतमाळच्या पुढे अख्ख्या मोटारीत देवीलाल, मी आणि कंडक्टर. कंडक्टरने देवीलालला ओळखलं. ‘‘होऊन जाऊ द्या जी एखादी,’’ म्हणाला, ‘‘तसंबी आज मरनंच हाय.’’ देवीलाल हसला आणि त्याने गळ्याभोवती गुंडाळलेल्या रुमालाला हात लावला. कंडक्टरने पुन्हा आग्रह केला नाही. तो उठून दोन बाकं पुढे जाऊन बसला, आणि नागपूर येईपर्यंत मागे वळून वळून पाहत राहिला.

काल परत आलो तर मोटार स्टँडसमोर बबनराव आपल्या हॉटेलच्या पायरीवर उभा राहून पेढे वाटत होता. देवीलालच्या मागे सायकलवर जत्रा पालथ्या घालणाऱ्या आपल्या टोळीतला हा सर्वांत दांडगा गडी. ‘‘तोंड उघड,’’ मला म्हणाला, ‘‘दुनिया वाचली.’’ मी पेढा हातातच धरला आणि सांगितलं.

‘‘खोटं बोलून राह्यला तू,’’ तो म्हणाला. ‘‘तुमा पेपरवाल्यायचं काय.’’

मी कागद दाखवला. त्याला इंग्रजी येत नाही, पण शिक्का पाहिला. मग ताट आत नेऊन ठेवलं आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून म्हणाला, ‘‘आवाज तर एवढा भारी लागला होता त्याचा.’’

हे वाक्य मी दोन दिवसांत पाच-सहा जणांच्या तोंडून ऐकलं आहे. आवाज तर भारी लागला होता.

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना यवतमाळला उतरल्यावर भेटलो होतो. ते म्हणाले, देवीलालचा आजार चाहत्यांना कसा कळला, ते ज्याच्या त्याच्या तोंडून लिहून दे, पानभर जागा देतो. माणूस जिवंत आहे, मी म्हणालो. ‘‘म्हणूनच लवकर दे,’’ ते म्हणाले. निवडणुकीचे अंक संपले की पान मोकळं आहे.

देवीलाल तांड्यावर आहे. त्याने तुझं नाव काढलेलं नाही. ही बातमी तुला बाजारात कोणा अनोळखी माणसाकडून कळू नये म्हणून लिहिलं.

मारोती


पुसद, १९ फेब्रुवारी १९६२

पूनमसिंग,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असेल असं धरून लिहितो.

पानासाठी माणसांना भेटलो. आधी इंदुताई. त्या म्हणाल्या, मागच्या थंडीत महागावच्या जत्रेत त्या बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या. दोन कडव्यांच्या मधे देवीलालने थुंकी गिळली, तेव्हा त्याने मान वळवली आणि डोळे मिटले. ‘‘गिळताना डोळे मिटणारी माणसं मी रोज बघते, मारोतराव. पण त्या दिवशी मी कामावर नव्हते, गाणं ऐकायला आले होते. म्हणून टाळ्या वाजवल्या.’’ हे छापू का, विचारलं. छापा म्हणाल्या, नावासकट.

मग बबनराव. तुला आठवत असेल, सन साठच्या पावसाळ्यानंतर देवीलालचा आवाज बदलला. आधीचा आवाज कसा होता ते तुला मी सांगायला नको. नंतरचा खाली उतरलेला, चिरलेला, ओळीच्या शेवटी फाटून जाणारा. बबनराव तेव्हा म्हणायचा, देवीलालने गळ्याला धार लावली. सगळे तेच म्हणायचे. पोरं पूस नदीच्या काठी जाऊन ओरडून ओरडून आवाज फोडायची, म्हणजे तसं गाता येईल. आता बबनराव मला म्हणतो, ‘‘पोट्टे अजूनबी तसेच गाऊन राह्यले. काल दोघं जण हाटेलात आले, तसेच खरखर बोलत होते. मले त्यायच्या अंगावर चहा फेकाव वाटला.’’

‘‘मग सांगितलंस का त्यांना?’’

‘‘काय सांगू? का ते गानं नव्हतं म्हनून? मले तर अजूनबी तेच गानं वाटते.’’

हेही मी लिहून घेतलं. पण छापायचं की नाही ठरलेलं नाही.

शेवटी तांड्यावर गेलो. देवीलाल झोपला होता. भुरीवहिनी चुलीवर ज्वारीची पेज ढवळत होत्या. मी विचारलं, वहिनी, तुम्हाला कधी कळलं?

‘‘मले कळाले काय झालं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी भाकर दुधात भिजवून मांगत गेले. मंग पान्यात. मंग भाकरच नाई. घरच्या बाईले कागद लागते का?’’

मी लिहीत होतो. त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हेबी लिव. पूनम मांगं होता तवा हे दोन कडव्याच्या मधात दोन घोट पानी पेत होते. पूनम झील सोडतच नव्हता, यायचा दम वापस येईपर्यंत धरून ठेवत होता. लोकायले वाटे, गडी सोताचाच गळा दाखवून राह्यला. पूनम गेला अन् पानी गेलं.’’

मी त्यांना म्हणालो, पूनमने तांड्याच्या प्रमुखासमोर, डोंगरसिंग नाईकांसमोर, हे का सांगितलं नाही?

‘‘यायनंच त्याले शपथ घातली होती. माहा दम पुरत नाई हे कोनाले समजू देऊ नको म्हने. अन् मंग नाईकायच्या दारात सारे त्याले बोलून राह्यले होते तवा हे खाली पाहत बसले. दोघंबी बोलले नाई.’’ पेज उतरवताना त्यांनी विचारलं, ‘‘ते पेपरात कोनं लिवलं होतं गा, मारोतीभाऊ?’’

मी त्यांना उत्तर दिलं नाही. तुला देतो.

जानेवारी एकसष्टच्या दुसऱ्या अंकात ‘एक रसिक’ अशा सहीने जे आलं, ते माझं होतं. तुझ्याकडे कात्रण नसेल तर माझ्याकडे आहे. ‘गायक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून धरतो आणि गायकाला पुढच्या ओळीसाठी मोकळा करतो. एवढंच त्याचं काम. परंतु देवीलालजींचे झीलकरी एकेक झील इतकी लांबवतात, की लोक गायकाला ऐकायला आले आहेत याचा त्यांना विसर पडलेला दिसतो. गायकाच्या या नव्या, भेदक आवाजाला झाकून टाकणारी ही हाव कोणी तरी आवरायला हवी.’ डोंगरसिंग नाईकांनी हा अंक आपल्या दारात सर्वांसमोर वाचून घेतला. वाचायला त्यांनी मला बोलावलं होतं, कारण तांड्यावर एवढं भराभर वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. मी वाचला. तू समोर बसला होतास. ‘हाव’ हा शब्द मी तुझ्याकडे न पाहता वाचला.

त्या होळीला तुझ्या जागी तीन नवे पोरगे उभे राहिले. ते झील तोडून टाकत, म्हणजे देवीलाल जास्त ऐकू येई. आम्ही खूश होतो. होळीनंतर आठवड्याने, ‘एक रसिक’ म्हणजे बबनरावच असं धरून, तू त्याच्या हॉटेलात जाऊन त्याला सर्वांदेखत विचारलंस, कायले लिहिलं? तो खरंच काही जाणत नव्हता. मी मागच्या टेबलावर होतो. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस, मग गाव सोडलंस, आणि मी बबनरावाला आजतागायत सांगितलेलं नाही की तुम्हा दोघांत मी बसलो आहे.

त्यात वाईट हेतू नव्हता, असं लिहायचा मोह होतो. गुरुवारपर्यंत मजकूर पोचवायचा होता आणि देवीलालवर स्तुतीचं दर वेळी काय नवीन लिहिणार? कोणाला तरी दोष दिला की स्तुती खरी वाटते. हा आमच्या धंद्यातला हिशेब आहे.

मारोती


पुसद, ५ मार्च १९६२

पूनमसिंग,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन पानं लिहिली त्यावर तू एक ओळ लिहिलीस: ‘त्याला कधीपासून माहीत आहे?’

मी लेखाबद्दल लिहिलं त्यावर एक शब्द नाही. बरोबर आहे. तू नेमकं तेच विचारलंस जे मी लिहिलं नव्हतं.

सहा फेब्रुवारीपासून, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, अकरा ऑक्टोबरला, मी देवीलालला यवतमाळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. आवाज बसतो, कानात कळ येते, असं तो म्हणत होता. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत चिठ्ठी लिहायला लागले. ते भले गृहस्थ होते. रोग्यासमोर बोलायचं नव्हतं म्हणून तसं केलं असेल. बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो. देवीलाल म्हणाला, ‘‘वाच.’’

चिठ्ठीत होतं: घशात वाढ दिसते, दुखणं गंभीर असण्याचा संशय आहे. गाणं आजपासून संपूर्ण बंद. बोलणंसुद्धा कमी. एकही दिवस न घालवता नागपूरला न्यावं, नाही तर उपाय हाताबाहेर जाईल.

मी वाचलं, ‘‘घशाला सूज आहे. थोडी विश्रांती घ्या. सवड झाली की नागपूरला दाखवून या.’’

नऊ नोव्हेंबरला नागपूर रेडिओवर त्याचं गाणं ठरलं होतं. आपल्या भागातल्या तांड्यावरचा पहिला माणूस रेडिओवर जाणार होता. त्यासाठी अर्ज मी लिहिले होते, दोन वर्षं. साप्ताहिकात पहिल्या पानावर तारीख देऊन झाली होती. चार आठवड्यांनी काय बिघडतं, असं मी त्या झाडाखाली मनाशी म्हणालो. गाणं झालं की त्याच दिवशी तिथेच दवाखान्यात नेऊ, असंही म्हणालो. हे मी खरोखर ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी बबनरावाने रेडिओ हॉटेलच्या खिडकीत ठेवला होता. रस्त्यावर इतकी माणसं, की मोटारी थांबल्या. इंदुताई पलीकडच्या ओट्यावर होत्या. देवीलाल गायला. शेवटच्या ओळीला आवाज पार फाटला आणि मागचे तिघे नुसते डफ वाजवत राहिले. लोकांनी पागोटी उडवली. मी तिकडे रेडिओच्या इमारतीत काचेबाहेर उभा होतो. तो बाहेर आला तेव्हा रुमालावर लाल होतं. त्याने रुमाल मुठीत दाबला आणि मला विचारलं, ‘‘ऐकू आलं का गा तिकडं?’’

त्या दिवशी दवाखान्यात गेलो नाही. उशीर झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी उमरखेडला जत्रा होती. मग एकामागून एक. रेडिओनंतर प्रत्येक गावाला देवीलाल हवा होता. जानेवारीत त्याला पाणी गिळेना, तेव्हा नागपूरला नेलं. म्हणजे तीन महिने. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी म्हणालो, खेड्यातली माणसं आहेत, त्यांना कळत नाही.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी, एक मार्चला, मी तांड्यावर गेलो. देवीलाल खाटेवर उन्हात बसला होता. आता त्याचा आवाज कुजबुजीएवढाच आहे. मी यवतमाळची चिठ्ठी काढली आणि या वेळी होती तशी वाचून दाखवली. शब्द न शब्द.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘कागद तर दोन्हीकून भरला होता गा. अन् तू तीन गोष्टी सांगतल्या. मले तवाच वाटलं, इंग्रजी एवढी लांब असते का?’’

‘‘मग विचारलं काहून नाही?’’

‘‘इचारलं असतं तर तू सांगतलं असतं. मंग रेडिओवर कोन जाते?’’

तो हसला तेव्हा खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. भुरीवहिनी आतून आल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांनी सर्व ऐकलं होतं. मी निघालो तेव्हा चहाला थांब म्हणाल्या नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. कागदावरून कळायचं तर एक मार्चपासून. एरवी, अकरा ऑक्टोबरपासून.

मारोती


पुसद, ११ मार्च १९६२

पूनमसिंग,

काल सकाळी देवीलालच्या तोंडातून रक्त आलं. वाटीभर, भुरीवहिनी म्हणतात. इंदुताई सायकलरिक्षा, मग बैलगाडी करून गेल्या, बर्फ नेला होता. दुपारपर्यंत थांबलं. त्यांचं म्हणणं, गाठीने आता मोठ्या शिरेपर्यंत वाट केली आहे. बोलताना काही होत नाही. जोर लावला, ओरडला किंवा गायला, तर शीर फुटेल, आणि ते तांड्यावर कोणाला थांबवता येणार नाही. पुसदलाही नाही.

मी त्या पानाचा मजकूर संपादकांना पाठवलेला नाही. तीन वेळा तगादा आला.

बबनरावाला लेखाचं सांगितलं. त्याने मला हॉटेलात येऊ नको म्हणून सांगितलं आहे.

मारोती


पुसद, १४ मार्च १९६२

पूनमभाऊ,

हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडावं म्हणून आज सकाळच्या टपालात टाकतो आहे. आधीच्या चार पत्रांना तू त्या एका ओळीच्या कार्डाखेरीज उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. याला दे, आणि उत्तर म्हणून स्वतः ये. का ते लिहितो.

एकवीस तारखेला पहाटे तांड्यावर होळी पेटेल. आपल्या तांड्याची रीत तुला माहीत आहे: मागच्या होळीला पहिली लेंगी, होळीचं पहिलं गाणं, ज्याने उचलली, त्यानेच या होळीला उचलायची. तो जिवंत असून त्याने उचलली नाही तर तांडा त्या वर्षी लेंगी म्हणत नाही. डोंगरसिंग नाईकांनी काल चार माणसं बसवून सांगितलं, या वर्षी लेंगी नको. रीत मोडली तर माझ्या नावावर मोडली. म्हातारा रडत होता. देवीलालला चाहते पुष्कळ, पण त्याला डफ पहिल्यांदा या माणसाने हातात दिला.

देवीलाल भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, ‘‘नाईक, नव्या लेकरांच्या धुंडीचा, आशीर्वादाचा दिवस हाय. या साली तांड्यात सात लेकरं झाले. त्यायची पहिली होळी मुकी करू काय?’’

‘‘तू मरशील, बापू.’’

‘‘मरतोच हाव. तारीख तेवढी मागंपुढं.’’

इंदुताईंनी त्याला समजावलं, मग दटावलं. भुरीवहिनींनी डफ लपवला. त्याने शेजारच्या घरून दुसरा मागवून घेतला आणि मांडीवर ठेवला. शेवटी मी विचारलं, देवीलाल, एकच ओळ टाकली तर? पहिली ओळ उचल आणि थांब. बाकी मागचे म्हणतील.

त्याने त्या तीन पोरांकडे पाहिलं. पोरं चांगली आहेत, पूनम. पण झील धरणं त्यांना कोणी शिकवलंच नाही. आम्ही रसिकांनी त्यांना तोडायलाच शिकवलं. ओळ आली की ती पटकन सोडतात, आणि सोडली की पुढची ओळ गायकाला टाकावीच लागते, नाही तर लेंगी पडते. नाईकांनी काल त्यांच्याकडून लांबवून पाहिलं. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा दम गेला. शिवाय ते तिघेही त्या फाटक्या आवाजातच म्हणतात. देवीलालने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

मग त्याने वर्षात पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. त्याचे शब्द आहेत तसे लिहितो, कमी-जास्त न करता:

‘‘पूनम मांगं उभा राह्यला तर म्या फक्त पयली वळ उचलतो. बाकी त्याची. तो धरून ठेवते, मले ठावं हाय. तो नसन तर म्या सारी म्हनतो. दुसऱ्याची झील मले पुरत नाई.’’

मी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे?

त्याने डफावर बोट फिरवलं. ‘‘नाईकाच्या दारात म्या बोलाले पाह्यजे होतं, हे सांग त्याले. अन् हे सांगाले मले मारोतीची गरज लागली, हेबी सांग.’’

सांगितलं.

तू माझ्यासाठी यायचं नाहीस. मी मागतही नाही. तू येशील त्या दिवशी मी तांड्यावर नको असलो तर भुरीवहिनींच्या हाती निरोप दे, मी पुसदलाच राहीन. नाईकांना आणि बबनरावाला मी सर्व सांगितलं आहे. बबनराव तुझ्याशी भांडलेला नव्हता हे तुला आता माहीत आहे. तो होळीला तांड्यावर जाणार आहे.

सोमवारी सकाळची गाडी धरलीस तर दुपारपर्यंत वणी. रात्री यवतमाळला मुक्काम कर. तिथून मंगळवारी सकाळची मोटार दिग्रसवरून येते आणि दुपारी चारला तांड्याच्या फाट्यावर थांबते. डोंगरसिंग नाईक स्वतः गाडी जुंपून तिथे उभे राहणार आहेत. इंदुताई मंगळवारीच बर्फ आणि कापूस घेऊन मुक्कामाला येत आहेत.

तू मोटारीतून उतरलास, तर नाईक तुला थेट देवीलालकडे नेतील. उतरला नाहीस, तर ते परत येऊन त्याला तसं सांगतील, खोटं सांगायचं नाही असं ठरलं आहे. बुधवारी पहाटे होळीला आग लागली की तो उभा राहून पहिली ओळ टाकेल. पोरं ती सोडतील. तो दुसरी टाकेल. लेंगीची कडवी अकरा आहेत, आणि चढ तिसऱ्यापासून लागतो. इंदुताईंच्या अंदाजाने तो चौथ्यापर्यंत जाईल.

मारोती